टर्मिनल बदलायचं, पण बाहेर न पडता: एका प्रवासात तीन वेगळी उत्तरं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अमेरिकेत इंडियानापोलिसला असते. आई-बाबा सत्तरीच्या आसपासचे, पहिल्यांदाच तिच्याकडे निघालेत. नागपूरहून इंडिगोने मुंबईला टी१ वर उतरायचं, टी२ वरून ब्रिटिश एअरवेजने लंडन हीथ्रोला टी५ वर, तिथून टी३ वर जाऊन अमेरिकन एअरलाइन्सने शिकागो, आणि शिकागोहून आणखी एक छोटं विमान. नागपूर-मुंबई तिकीट वेगळं काढलंय, मुंबईपासून पुढचं सगळं एका बुकिंगवर. मुलीचं म्हणणं, "तिन्ही ठिकाणी टर्मिनल बदलतंय. सिक्युरिटीच्या आतूनच पुढे जाता येईल, की प्रत्येक वेळी बाहेर येऊन परत आत जायचं?"

मुंबईत बाहेर यावं लागेल. हीथ्रोला यायचं नाही, आणि चुकूनही येऊ देऊ नका. शिकागोला यावंच लागेल. तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि त्यातलं एकही कारण विमानतळाच्या नकाशावर दिसत नाही. लोक नकाशा उघडून दोन टर्मिनलांमध्ये पूल आहे का, बोगदा आहे का, ते शोधत बसतात. मी काही काळ विमानतळावर ट्रान्सफर डेस्कला होतो, आता तिकिटांचं काम करतो, त्यामुळे माझा क्रम उलटा असतो. आधी बॅग कुठपर्यंत जाणार ते बघतो, मग पासपोर्टवर शिक्का कोण मारणार ते, आणि रस्ता कुठून आहे ते सगळ्यात शेवटी.

मुंबईपासून सुरुवात करू. टी१ आणि टी२ एकाच विमानतळाची टर्मिनलं, धावपट्ट्याही त्याच. टी१ सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला, टी२ सहारला. खिडकीतून बघितलं तर वाटतं, आतून एखादी बस पाच मिनिटांत नेऊन सोडेल. पण तुमचे आई-बाबा मुंबईत 'ट्रान्सफर प्रवासी' नाहीतच. इंडिगोच्या लेखी त्यांचा प्रवास मुंबईत संपला, आणि ब्रिटिश एअरवेजच्या लेखी तो मुंबईत सुरू झाला. मधल्या काळात ते दोन्ही कंपन्यांचे कुणीच लागत नाहीत. बॅगा टी१ च्या पट्ट्यावर येणार, त्या उचलून बाहेर पडायचं, रस्त्याने सहारला जायचं, टी२ च्या दारावर सीआयएसएफच्या जवानाला तिकीट आणि पासपोर्ट दाखवून आत शिरायचं, बॅगा द्यायच्या, इमिग्रेशन, सिक्युरिटी. सगळं शून्यापासून.

अंतर पाचेक किलोमीटरचं, पण मुंबईचा रस्ता आहे, तेव्हा वेळ किलोमीटरवर ठरत नाही. मेट्रो ३ ची स्टेशनं आता दोन्ही टर्मिनलांना आहेत, मध्ये फक्त सहार रोड लागतं. एकटा तरुण माणूस पाठीवर सॅक टाकून जात असेल तर मी मेट्रोच सांगेन. सत्तरीची दोन माणसं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सी, आणि शक्य असेल तर मुंबईतलं कुणी नातेवाईक सोबत.

यात एक खर्चही दडलाय, जो तिकीट काढताना कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेच्या तिकिटावर सहसा माणशी २३ किलोच्या दोन बॅगा चालतात. इंडिगोच्या साध्या देशांतर्गत तिकिटावर चेक-इन बॅगेची मर्यादा १५ किलो. म्हणजे नागपूरलाच काउंटरवर जादा वजनाचे पैसे भरावे लागणार, आणि तेही ऐनवेळचा दर लावून. वेबसाइटवरून आधी जादा वजन घेतलं तर स्वस्त पडतं. त्याहून चांगलं म्हणजे पुढच्या वेळी नागपूरपासूनच एक तिकीट काढा. नागपूरहून दिल्लीला टी३ वर उतरलं आणि तिथूनच पुढे गेलं तर देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय दोन्ही एकाच छपराखाली आहेत. एका तिकिटावर असाल तर बॅग पुढे जाते आणि माणूस आतल्या आत इमिग्रेशनला पोचतो. दिल्लीतही इंडिगोचं विमान टी१ चं असेल तर मात्र पुन्हा हीच रस्त्यावरची कथा, म्हणून तिकिटावरचा टर्मिनलचा आकडा वाचल्याशिवाय पैसे भरू नका. आणि आता मुंबईकडे जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघायची: विमान बीओएमला (मुंबईचा जुना विमानतळ) उतरतंय की एनएमआयला (नवी मुंबई). डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली, आणि बुकिंगच्या साइटी दोन्हीपुढे 'मुंबई'च दाखवतात. गोव्यात दाबोळी आणि मोपाचा हाच घोळ आहे. दोन विमानतळांच्या मध्ये 'आतून' असं काही नसतं.

तुमचं नागपूरचं तिकीट निघालेलंच आहे, तेव्हा त्यात एवढंच करा: टी२ वर उतरणारं विमान मिळत असेल तर थोडे पैसे भरून बदलून घ्या. बॅगा घेऊन बाहेर तरीही यावं लागेल, पण मग लिफ्टने वर जायचं, रस्ता नाही. आणि दोन विमानांत निदान सहा तास ठेवा. जास्त वाटेल, पण वेगळ्या तिकिटावर पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी हात वर करते आणि तिचं चुकत नाही.

आता हीथ्रो. इथे सगळा खेळ टी२ च्या चेक-इन काउंटरवर जिंकायचा असतो. आई-बाबांना सांगा, काउंटर सोडण्यापूर्वी दोन गोष्टी हातात घेऊन वाचायच्या. पहिली, बोर्डिंग पास: प्रत्येकी तीन हवेत, मुंबई-हीथ्रो, हीथ्रो-शिकागो, शिकागो-इंडियानापोलिस. एखादा निघाला नाही तर तिथेच नम्रपणे विचारायचं, कारण नंतर तो हीथ्रोच्या ट्रान्सफर डेस्कवर रांग लावून घ्यावा लागतो. दुसरी, बॅगेच्या टॅगची छोटी पट्टी, जी पासच्या मागे चिकटवून देतात. तिच्यावर तीन-तीन अक्षरांचे विमानतळांचे कोड असतात. मुक्कामाचा कोड सगळ्यात ठळक, तो 'आयएनडी' (इंडियानापोलिस) असला पाहिजे, आणि मधले 'ओआरडी' (शिकागो), 'एलएचआर' (हीथ्रो) लहान. ठळक कोड 'एलएचआर' दिसला तर बॅग लंडनलाच उतरणार. मग तुमच्या आई-बाबांना लंडनमध्ये बाहेर यावं लागेल, आणि व्हिसाचा प्रश्न तिथे सुरू होईल. त्याच पट्टीवर दहा आकडी नंबर असतो. त्यातला पहिला आकडा सोडून पुढचे तीन म्हणजे ज्या कंपनीने टॅग काढला तिचा क्रमांक, ब्रिटिश एअरवेजचा १२५, एअर इंडियाचा ०९८. बॅग हरवली तर हाच नंबर सांगायचा असतो, म्हणून त्या पट्टीचा फोटो काउंटरवरूनच तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करायला त्यांना सांगा.

व्हिसाचं बघू. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमधून नुसतं विमान बदलायलासुद्धा, म्हणजे आतल्या आत राहूनही, एक वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो. पण ज्यांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा आहे त्यांना यातून सूट आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचा असला तरी आहे. आई-बाबांकडे अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा आहेच, तेव्हा प्रश्न मिटला. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट हँडबॅगेत. हे सांगायचं कारण, चेक-इन बॅगेत जुना पासपोर्ट टाकून आलेले लोक काउंटरवर बॅग उघडून बसलेले मी बघितलेत, आणि मागे रांग तापलेली असते.

हीथ्रोला उतरल्यावर एकच रंग लक्षात ठेवायचा: जांभळा. 'फ्लाइट कनेक्शन्स'च्या पाट्या जांभळ्या असतात. बाकी 'अरायव्हल्स', 'बॅगेज रिक्लेम' वगैरेच्या पाट्या पिवळ्या. विमानातून उतरलेली बहुतेक माणसं लंडनचीच असतात आणि ती पिवळ्या पाटीमागे निघतात. आपली माणसं गर्दीमागे जातात, हीच इथली खरी अडचण. जांभळी पाटी धरली की ती टी३ च्या बसपर्यंत नेऊन सोडते. बस फुकट आणि अगदी थोड्या थोड्या वेळाने सुटणारी, ती विमानतळाच्या आतल्या रस्त्याने जाते. टी५ पश्चिमेला एकटं उभं आहे आणि टी३ मध्यभागी, तेव्हा बसमध्ये बसून थोडं अंतर जावं लागतं. घाबरायचं कारण नाही, 'आपल्याला गावात घेऊन चालले की काय' असं बाबांना वाटू देऊ नका, आधीच सांगून ठेवा. टर्मिनल एक आता हीथ्रोला नाही, २०१५ मध्ये बंद झालं. जुन्या प्रवाशांच्या सल्ल्यात ते अजून डोकावतं, तर त्याकडे दुर्लक्ष करा.

यूट्यूबवर तुम्हाला कुणीतरी सांगेल की टी५ वरून मध्यवर्ती टर्मिनलांना फुकट ट्रेन आहे. आहे, बरोबर आहे. पण ती बाहेरची, म्हणजे ब्रिटनच्या इमिग्रेशनमधून बाहेर पडलेल्यांसाठी. तिच्या नादी लागलं तर बॉर्डरची रांग, मग ट्रेन, मग टी३ ची सिक्युरिटी पुन्हा पहिल्यापासून. पिवळ्या पाटीमागे जाऊन इमिग्रेशनच्या रांगेत पोचलेच, तरी आभाळ कोसळत नाही. कुठल्याही गणवेशातल्या माणसाला पास दाखवून "कनेक्शन, टर्मिनल थ्री" एवढं म्हणायचं. तो परत जांभळ्या वाटेवर लावतो.

बाहेर पडायचं नाही म्हणजे तपासणी नाही, असं मात्र समजू नका. टी३ ला कनेक्शनच्या वाटेवर हँडबॅग पुन्हा मशीनमधून जाते. लोकांना याचा राग येतो: मुंबईत एकदा तपासलं, विमानात बसलो, उतरलो, मध्ये कुठे गेलो नाही, मग परत का? कारण 'सुरक्षित भाग' हा त्या त्या देशाने तपासलेल्यांसाठीच सुरक्षित असतो. ज्या देशाची तपासणी आपल्या तोडीची म्हणून मान्य केलीय, तिथून आलेल्यालाच पुन्हा न तपासता सोडतात. अशी मान्यता युरोपात आपसांत आहे, काही निवडक बाहेरच्या देशांना आहे, भारतातून आलेल्याला पुन्हा तपासतात. फ्रँकफर्टलाही हाच अनुभव येतो. म्हणून मुंबईच्या ड्युटी फ्रीमधून बाटली घेऊ नका. घेतलीच तर ती सील केलेल्या पिशवीत, पावतीसकट, आणि शेवटच्या मुक्कामापर्यंत न फोडता. तूप, लोणचं, आंब्याचा रस हे सगळं तपासणीवाल्यांच्या लेखी द्रवच. आईला हे पटवणं तुमच्यावर सोडतो. ते चेक-इन बॅगेत, नीट बांधून. औषधं मात्र हँडबॅगेतच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सुकं खोबरं कुठल्याच बॅगेत नको, ते पेट घेणारं म्हणून मुंबईतच काढून ठेवतात.

अमेरिकेच्या विमानाआधी कागदपत्रांची आणखी एक तपासणी होते, कुठे राहणार, कुणाकडे चाललात वगैरे. पासवर 'एसएसएसएस' छापलेलं दिसलं तर घाबरू नका, यादृच्छिक निवडीतही ते येतं. थोडी जास्त झडती होते, बॅग उघडून बघतात, इतकंच. पण पंधरा-वीस मिनिटं त्यात जातात, तेव्हा गेटवर लवकर पोचायचं.

आता शिकागो, जिथे सगळ्यात जास्त गैरसमज असतात. बॅगेचा टॅग इंडियानापोलिसपर्यंतचा आहे, पासही आहे, मग मधे कशाला बाहेर यायचं? कारण अमेरिकेत 'आतल्या आत ट्रान्झिट' ही सोय जवळपास नाहीच. पहिल्या अमेरिकन विमानतळावर प्रत्येकाला देशात प्रवेश घ्यावा लागतो, अगदी तासाभरात मेक्सिकोला जाणाऱ्यालाही. लंडनहून आलेलं विमान शिकागोच्या ओहेअर विमानतळावर टी५ ला लागतं. तिथे इमिग्रेशन, बोटांचे ठसे, फोटो. मग बॅगा पट्ट्यावरून स्वतः उचलायच्या, टॅग कितीही पुढचा असो. हे वाक्य आई-बाबांच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण मुंबईच्या काउंटरवर त्यांना ऐकायला मिळालेलं असतं, "बॅगा थेट इंडियानापोलिसला मिळतील." ते अर्धंच खरं असतं. बॅगा घेऊन कस्टममधून बाहेर पडलं की लगेच पुढे जाणाऱ्यांच्या बॅगा परत घ्यायचे काउंटर आहेत. टॅग तोच राहतो, फक्त बॅग पट्ट्यावर चढवायची.

तिथून टी३ ला विमानतळाची आतली ट्रेन जाते. फुकट आहे, पण सिक्युरिटीच्या बाहेरून चालते, म्हणून टी३ ला पोचल्यावर रांग, बेल्ट, ट्रे सगळं पुन्हा. टी१, टी२, टी३ एकमेकांना आतून जोडलेली आहेत, चालत जाता येतं. टी५ मात्र त्यांच्यापासून तुटलेलं आहे. आणि हो, ओहेअरला टी४ नावाचं टर्मिनल आज नाही. ट्रेनमध्ये बाबा तीननंतर पाच बघून "चार गेलं कुठे" म्हणून कासावीस होतील, तर तेही आधीच सांगा. शिकागोला तीन तासांपेक्षा कमी अंतर असेल तर मला चालणार नाही. कंपनीचं सॉफ्टवेअर त्याहून कमी वेळेतही तिकीट विकतं, कारण त्याचा हिशोब धडधाकट माणसाचा असतो. एक तिकीट असल्याने विमान चुकलं तर पुढच्यात बसवतात हे खरं, पण शेवटचं विमान चुकलं तर रात्र खुर्चीवर जाते.

व्हीलचेअरबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मी विचारलं असतं. बुकिंगमध्ये आत्ताच टाकून घ्या, ऐनवेळी काउंटरवर नको. डब्ल्यूसीएचआर हा प्रकार ज्यांना लांब चालवत नाही पण जिना चढता येतो अशांसाठी असतो. ढकलणारा माणूस वाट जाणतो, त्यामुळे जांभळी-पिवळी पाटी, टी५ ची ट्रेन, बॅगा परत द्यायचे काउंटर, ही सगळी चिंता त्याच्याकडे जाते. मात्र व्हीलचेअरने वेळ वाचतो हा समज चुकीचा आहे. हीथ्रोला बऱ्याचदा विमानाच्या दाराशी थांबून राहावं लागतं, सगळ्यांची गाडी एकत्र भरते, मग निघते. चालता येत असूनही फक्त रांग टाळायला खुर्ची घेणाऱ्यांची संख्या वाढलीय, आणि त्याचा भुर्दंड खरी गरज असलेल्यांना बसतो, हे माझं मत मी सगळ्यांनाच सांगतो. तुमच्या आई-बाबांच्या वयाला आणि पहिल्या प्रवासाला ती घ्यावी, असंही सांगतो.

पुढच्या खेपेला तिकीट काढताना रस्ता निवडायची मोकळीक असेल तर थोडं इकडचं तिकडचं. दोहाला एकच टर्मिनल आहे, टर्मिनल बदलायचा विषयच नाही. सिंगापूरला टी१, टी२, टी३ आतून ट्रेनने जोडलेली, टी४ ला आतूनच बस. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या आपल्या लोकांसाठी यापेक्षा सोपं काही नाही. दुबईत एमिरेट्सने येऊन एमिरेट्सनेच गेलात तर टी३ मध्येच सगळं. फ्लायदुबईचं टी२ धावपट्ट्यांच्या पलीकडे आहे, तिथे आतली बस घ्यावी लागते. न्यूयॉर्कच्या जेएफकेला टर्मिनल बदलायचं म्हणजे बाहेरची एअरट्रेन आणि पुन्हा सिक्युरिटी, एवढं गृहीत धरूनच चला. अटलांटा आणि डॅलसला आतली ट्रेन उत्तम, पण ती अमेरिकेत प्रवेश घेऊन झाल्यावर कामाला येते.

आणि अमेरिकेला जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी मला स्वतःला आवडणारा मार्ग अबू धाबीचा. तिथे २०१४ पासून अमेरिकेचे अधिकारी बसतात. इमिग्रेशन, कस्टम अबू धाबीतच आटपतं, आणि अमेरिकेत विमान देशांतर्गत असल्यासारखं उतरतं. पुढचा टप्पा एकाच तिकिटावर असेल तर बॅग मध्ये उचलावी लागत नाही. शिकागोत टर्मिनल बदलावं लागलं, तरी चार बॅगांशिवाय बदलणं आणि चार बॅगांसह बदलणं यात सत्तरीच्या माणसाला जमीन-अस्मानाचा फरक पडतो. अबू धाबीत मात्र त्या तपासणीसाठी भरपूर वेळ मोकळा ठेवा.

परतीचं गणित वेगळं आहे, आणि येतानापेक्षा सोपं. अमेरिका सोडताना इमिग्रेशनची खिडकी नसते. इंडियानापोलिसहून येणारं विमान अमेरिकन एअरलाइन्सचं, शिकागोला ते टी३ ला लागणार. लंडनचं विमानही त्यांचंच, तेही टी३ वरूनच सुटतं, म्हणजे एका गेटवरून दुसऱ्या गेटवर चालत जायचं. टी५ फक्त येताना लागतं. बॅगा इंडियानापोलिसला दिल्या की थेट मुंबईला. हीथ्रोला पुन्हा जांभळ्या पाट्या, या वेळी टी३ वरून टी५. टी५ च्या मुख्य इमारतीच्या पुढे आणखी दोन छोट्या इमारती आहेत आणि तिथे जमिनीखालच्या ट्रेनने जावं लागतं. गेट 'बी' किंवा 'सी'ने सुरू होत असेल तर कॉफी प्यायला थांबू नये. मुंबईत इमिग्रेशन, बॅगा, कस्टम, आणि मग नागपूरचं विमान. ते तिकीट अजून काढलं नसेल तर टी२ वरून सुटणारं बघा, मुंबईत उतरल्यापासून निदान पाच तासांनंतरचं, आणि १५ किलोच्या पुढचं वजन आधीच विकत घेऊन ठेवा. अमेरिकेहून येताना बॅगा हलक्या झालेल्या मी तरी कुणाच्या पाहिल्या नाहीत.